खिशातला रोटर

मी मूळचा सुरगाण्याकडचा. घरची शेती भाताची न् नागलीची, पाऊस सरला की आईबापासंगं मीबी द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचो. तिथंच एका मालकाची जुनी पेट्रोल जीप धुता धुता गाडी शिकलो, आणि नव्वदच्या पुढं कधीतरी तीच विकत घेतली, पाड्यावरून सुरगाण्याला शिटा भरून न्यायला.

आता ती चालू कशी व्हायची ते ऐका, नायतर पुढचं कळणार नाय. चावी फिरवली की बॅटरीचा करंट कॉइलमधी जातो, कॉइल त्याचा जोर लय वाढवते, मग तो डिस्ट्रिब्युटरमधी येतो. तिथं टोपीखाली एक फिरता तुकडा असतो, रोटर म्हणतात, मुठीत सहज मावतो. तो फिरत फिरत एकेका प्लगला करंट देतो, पंगतीत वाढत जावं तसा, मग प्लग ठिणगी टाकतो न् पेट्रोल पेटतं. रोटर नसला तर सेल्फ कितीबी मारा, इंजिन नुसतं घरघरतं. म्हणून मुक्कामाला जीपवाले रोटर काढून खिशात ठेवायचे, चोराच्या भीतीनं.

मीबी काढायचो, पण काय सांगू तुम्हाला, चोरासाठी नाय. माझा मोठा भाऊ, दादा, प्यायचा, न् प्यायला की जीप काढायचा. चावी लपवली असती तर म्हणाला असता, भावाला चोर समजतो का. म्हणून चावी खुंटीला, सगळ्यांच्या डोळ्यासमोर, आणि रोटर माझ्या खिशात. घरात कुणाला ठाऊक नाय; पेटली नाय तर जुनी गाडी, रुसली असंल म्हणायचो.

एकदा टायर बघायला नाशिकला गेलो, परतीची एसटी चुकली, तिथंच नाशकात अंबडला पाव्हण्याकडं राहिलो. दुसऱ्या दिवशी आलो तर अंगणात जीप, बॉनेट उघडं, दादा पायरीवर बसलेला. म्हणाला, तुझ्या वयनीला अवचित कळा सुरू झाल्या, चावी घेतली, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली, अख्ख्या पाड्यानं धक्का मारला, उतारावरून सोडली, पेटलीच नाय रे. मग झोळीत घालून दवाखान्यात नेली. ती वाचली, पोर गेलं. आणि म्हणतो कसा, मी थेंबबी घेतली नव्हती, वास घे पायजे तर.

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला न् तिथंच राहिला.

तसाच दवाखान्यात गेलो, वयनीला सगळं सांगितलं. तिनं हात पुढं केला, दाखव म्हणाली. रोटर तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, एवढंच होय भाऊ? आणि परत दिला. दादाला तिनंच सांगितलं. तो मला त्यावर आजपर्यंत एक शब्द बोलला नाय. पिणं मात्र वाढलं, आणि अडवायला मला तोंड राहिलं नाय.

आता डिझेल जीप हाय, तिला ना प्लग ना रोटर. तरी एसटीनं कुठं जायचं झालं की मी ओट्यावर खिसे उलटे करतो, तंबाखूची पुडी, सुटे पैसे, रुमाल, सगळं वयनीसमोर ठेवतो, चावी तिच्या हातात देतो. तिनं असं कर म्हणून कधी सांगितलं नाय, नको असंबी म्हणाली नाय. सगळं बघते, आणि मग म्हणते, जा, सांभाळून ये.