रक्ताची बशी

काकू, सरांचे सहकारी, विद्यार्थी आणि मागे उभी असलेली मळ्यावरची मंडळी,

सरांच्या शोकसभेत बोलायला उभी राहिले आहे. सर वर्गात म्हणायचे, "जे दिसलं तेवढंच सांग." आज तेवढंच सांगते.

सर इथे राहुरीत आम्हाला जंतुशास्त्र शिकवत. पायाची जखम चिघळली, सुया लागू पडल्या नाहीत, आणि सर गेले.

त्यांच्याच कपाटात दोन बाटल्या आहेत. एकीत सातेरी मधमाशीचं विष, चिमट्यानं नांग्या काढून जमवलेलं. दुसरीत मुळा नदीकाठच्या मातीतल्या जंतूनं तयार केलेला अर्क. दोन्हींत प्रथिनांच्या लहान लहान साखळ्या. काचेच्या बशीत दोन्हींनी पू करणारे जंतू मारले. पण जंतू मारताना माणसाला इजा न करता सोडणारं यातलं कोणतं? सरांना एवढंच ताडून पाहायचं होतं.

गावात कुजबुज आहे. औषध कपाटात होतं, लावलं नाही. काकू, दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्हीही माझा हात धरलात. "पोरी, तुला येतं ना? लाव की एक थेंब. त्यांचा डोळा लागलाय तोवर."

मी सर जागे होईपर्यंत थांबले. थेंब लावू का, विचारलं.

"रक्ताची बशी झाली का?"

"नाही, सर."

"मग मी काय बशी आहे?" म्हणाले आणि हसले. त्या दुखण्यात हसले.

रक्ताची बशी म्हणजे रक्त मिसळलेली लाल बशी. औषध रक्त फोडत असेल, तर तिथला लाल रंग जातो; असं औषध जखमेतलं चांगलं मांसही सोडत नाही. रक्त आमच्या मेंढीचं. माझे वडील, आमचे दादा, मेंढ्या राखतात. पहिल्यांदा मागितलं, तेव्हा दादा म्हणाले, "मास्तर, आदी तुमचं काढा, मंग माज्या मेंढीचं." सरांनी खरंच बाही वर केली. दादाच गडबडले. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! तुमच्यापरीस मेंढी तगडी हाय."

या वेळी दादा न सांगता मेंढी घेऊन आले. मी बशी लावली. ती उघडून पाहायच्या आत सर गेले.

स्मशानातून मंडळी परतल्यावर मी ती उघडली. विषाभोवतीचा लाल रंग पार गेला होता. मातीच्या अर्काभोवतीचाही गेला होता. पण कमी.

काकू, तो थेंब जंतूंबरोबर सरांचं चांगलं मांसही जाळत गेला असता. सर वाचले असते का? मला माहीत नाही. पण तुमच्या हातून औषध निसटलं, असं मनाला लावून घेऊ नका. ते औषध अजून झालेलंच नाही.

'कमी' या शब्दापाशी सरांचं काम थांबलंय. तिथून पुढे मी नेणार आहे. काल दादा म्हणाले, "रगत लागलं की सांग, बाय. आता बाही कोन वर करनार हाय?"

सर, ही बशी तुम्हाला दाखवायची राहिली.

आता आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नये.

काकू, तुम्ही बसूनच राहा. मी येते तुमच्याजवळ.