चार वाजताचं गिऱ्हाईक

उस्मानपुऱ्यात बॅटरीच्या दुकानात माझ्यापुढच्या बाईंनी पिशवीतून जुनी बॅटरी काढून काउंटरवर ठेवली.

“ताई, घरी मेकॅनिक पाठवतो की.”

“नको. मीच काढली, मीच बसवते.”

“साहेबांना तरी सांगायचं.”

“साहेब जाऊन आठ महिने झाले, शफीकभाई. गाडी तवापासून दारात उभी हाय.”

“माफ करा, ताई. मग दीर वगैरे?”

“त्यांनीच तर विकायला काढली. म्हणतात, बाईमाणसाला गाडी कशाला. चार वाजता गिऱ्हाईक घेऊन येणार हायेत.”

“मग नवी बॅटरी कशाला टाकता?”

“तुम्ही द्या तर.”

“काढताना आधी कोणती वायर सोडली?”

“काळी. लावताना ती शेवटी लावीन.”

“बरोबर. अन् चालवणार कोण?”

“मीच. चार वाजता दारात ना गाडी दिसंल, ना मी.”