शब्दच तर घालायचेत!

नाही, तुम्हीच सांगा मला, 'शब्दच तर घालायचेत' असं म्हणणाऱ्या माणसाला धरून त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं पाहिजे की नको? अहो, अख्खं झहले गाव हेच ऐकवतंय मला! आमचे पाद्री अबूना बुत्रोस म्हणतात, पाववाला म्हणतो, आमची घरची तर ऊठसूट... 'सूर तयार आहेत ना फदलो? मग? शब्दच तर घालायचेत!' जसं काही मसुराच्या सुपात मीठच टाकायचंय!

तुम्हाला सांगतो, मी लग्नपत्रिका छापणारा माणूस. पण दुकानात कॉम्प्युटर आहे ना, म्हणजे याला सगळं येतं! झालं काय, आमचे उस्ताद नखले गेले. चर्चमध्ये गाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलेलं, मलासुद्धा, आणि माझा गळा म्हणजे... जाऊ द्या. जायच्या आधी त्यांनी एक स्तोत्र रचलं. शब्द बायकोचे, सित्त ओदेतचे, म्हणजे आमच्या ओदेतबाईंचे. चाल यांची. म्हातारपणी ते नोटेशनचं सॉफ्टवेअर शिकले, एका बोटानं एकेक सूर कागदावर बसवला, आणि शब्द घालायच्या आधीच माणूस उठून गेला हो! आता त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेत ते गायचं. सित्त ओदेत स्वतः दुकानात आली. नखशिखांत काळ्या कपड्यांत. म्हणाली, "फदलो, मला ते एकदा ऐकायचंय. एकदाच. मग माझं काही मागणं नाही."

आता याला नाही कसं म्हणणार? मीही म्हणून बसलो, शब्दच तर घालायचेत!

अहो, पण नोटेशन धावतं डावीकडून उजवीकडे, आणि आमची अरबी उजवीकडून डावीकडे! दोघं एकमेकांच्या अंगावर! मी पहिला शब्द टाकला, तो जाऊन बसला डावीकडे. माझा जन्म गेला पत्रिका छापण्यात, हात आपोआप शिवशिवला, उचलून ठेवला उजवीकडे. अख्खी ओळ अशी 'दुरुस्त' केली! घरचीनं डोकावून पाहिलं. म्हणाली, "म्हणजे स्तोत्र शेवटापासून सुरू होणार होय? छान." सगळं पुसलं. पुन्हा बसलो. आता प्रत्येक सुराखाली शब्दाचा तुकडा द्यायचा, तर आमची अक्षरं हातात हात घालून चालणारी, तोडली की रुसतात, प्रत्येक अक्षर वेगळं तोंड करून उभं! ती जोडावीत, तर सरकारी वीज जाते. गल्लीतला जनरेटर सुरू होईपर्यंत माझ्या दोन ओळी स्वर्गात, उस्तादांपाशी!

आणि सल्ले? विचारू नका. अबूना म्हणतात, "बाळा, देवाचं नाव डावीकडून लिहू नये." (मी कुठे लिहितोय? सॉफ्टवेअर लिहितंय!) चर्चमध्ये गाणाऱ्या पोरी म्हणतात, "इंग्रजी अक्षरांत लिहा ना, अम्मो काका." म्हातारे म्हणतात, इंग्रजीत लिहिलंस तर आम्ही गाणार नाही. आणि शेवटी सगळे एका सुरात... शब्दच तर घालायचेत!

घातले हो. नोटेशनप्रमाणे डावीकडून घातले. छापले. तालमीला वाटले. सित्त ओदेत पहिल्या बाकावर, रुमाल हातात. मी कडेला उभा. अबूनांनी हात वर केला, आणि... आमच्या म्हाताऱ्यांना नोटेशन कुठे वाचता येतं? चाल त्यांची कानावरची! ते कागदाकडे बघतात ते फक्त शब्दांसाठी. म्हणजे सुरू केलं कुठून? उजवीकडून! पोरी नोटेशन वाचणाऱ्या, त्या निघाल्या डावीकडून! एकच चाल, दोन टोकांनी दोन फौजा, मधोमध 'थांब' या शब्दावर गाठ पडली, आणि थांबतील तर शपथ! एकमेकांना ओलांडून पुढे गेले आणि ओळीच्या टोकाच्या 'आमेन'नं सुरू केलेल्यांनी 'हे प्रभू'वर संपवलं.

मला वाटलं, जमीन फाटावी. सित्त ओदेतकडे बघवेना. पाठमोरा होऊन कागद गोळा करायला लागलो, तर ती जवळ आली. म्हणाली, "त्यालाही नव्हतं जमलं रे. मला हाका मारायचा, ओदेत, जरा शेजारी बस, एकेक शब्द सांग. मी चुलीपाशी. मी म्हटलं, शब्दच तर घालायचेत, घाल की तुझा तू."

तुम्हाला सांगतो, मी दुकानात कॉम्प्युटरपाशी दुसरी खुर्ची मांडली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन माझ्या शेजारी बसली. बोटानं टेबलावर ताल धरून एकेक तुकडा सांगत गेली, मी भरत गेलो. प्रत्येक ओळीच्या डावीकडे हा एवढा बाण छापला. म्हाताऱ्यांना वेगळा दम दिला.

आणि चाळिसाव्याला गायले हो! सगळे एका टोकाकडून! उस्तादांची चाल त्या घुमटात अशी चढली की माझे डोळे... असो. नंतर चर्चच्या दालनात दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी. सित्त ओदेतनं माझा हात धरला. आता कौतुक करणार, मी मान खाली घातली.

म्हणाली, "फदलो, चाल अगदी त्याची होती. पण घुमटात इतकं घुमलं... शब्द एकसुद्धा कळला नाही बघ मला."

अहो, तिचेच शब्द! मी कॉफीचा कडू घोट गिळला आणि म्हटलं, "सित्त, मला पाठ आहेत. सुलटे म्हणू की उलटे?"