दरवाजा उघडायची ऑर्डर

अरे, मागच्या पावसाळ्यातलं ते आठवलं ना, की अजून डोकं सणकतं. आमच्या दादरच्या चाळीत तळमजल्यावर गुडघाभर पाणी. शेजारच्या सुलभावहिनींची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टेबलावर झोपवलेलं. पाऊस थांबला, ओहोटी लागली, तरी पाणी हलेना. वहिनी मला घेऊन तडक नाल्याच्या तोंडाशी गेल्या. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून तिथे लोखंडी दरवाजा खाली सोडतात. तो अजून तसाच बंद!

"समुद्र खाली गेलाय, दिसत नाही?" वहिनी दरवाजावरच्या ऑपरेटरवर ओरडल्या. "उघड की!"

"साहेबांची ऑर्डर नाही."

"मग फोन लाव त्यांना."

"लागत नाही. इकडेच यायला निघालेत, पण रस्त्यात पाणी भरलंय, त्यात अडकलेत."

माझं टाळकंच फिरलं. "अरे, त्याच पाण्याची वाट अडवून बसलायस तू!"

वहिनींनी सरळ दरवाजा वर उचलायच्या चाकाला हात घातला. मी जोर लावला, शेवटी ऑपरेटरही वाकला. दरवाजा वर गेला आणि नाला समुद्राकडे धावत सुटला.

तासाभराने साहेब आले. आल्या आल्या दरडावून म्हणाले, "कोणाला विचारून उघडलात?"

वहिनी म्हणाल्या, "आत्ता ज्या रस्त्याने आलात ना, त्याला विचारा!"