बदल्यांची यादी माझ्या कपाटात

गोपनीय शाखेचा प्रमुख झालो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला हार घातले, पण त्या वर्षी काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीची वर्षं होती ती. परभणीच्या आमच्या कचेरीत बदल्यांची यादी जाहीर होईपर्यंत माझ्याच कपाटात असायची. एक दिवस कचेरीतलाच माझा जुना दोस्त दिगंबर चहा पिता पिता म्हणाला, "आईचे डोळे लय अधू झालेत. चुडाव्याहून इकडंच आणून ठेवू का इलाजाला?"

यादीत त्याचं नाव होतं, बदली बीडला. मी म्हणालो, "तुझं तू बघ."

त्यानं आईला आणलं आणि आठवड्यातच यादी लागली. तो माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला.

"तुला मालूम होतं?"

"होतं."

"यादीचं मी इचारतच नव्हतो रे. आणू नको, एवढं तरी म्हणायचं."

म्हातारीला परत चुडाव्याला सोडायला तो निघाला, तेव्हा मी स्टेशनवर गेलो. तिची पिशवी गाडीत ठेवून खाली उतरलो. खिडकीशी बसलेली ती शेजारच्या दिगंबरला म्हणाली, "दिगू, तुझा तो दोस्त आला न्हाई का रे?"

मी हातभर अंतरावर उभा होतो. दिगंबर माझ्याकडं बघतच म्हणाला, "न्हाई आई. त्याला काम असंल."

गाडी हलली, तरी मी तिथंच उभा राहिलो.