नरहरपंतांची घंटा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. घरात गळती लागली, तर माणूस आधी कुणाकडे बघतो? — अहो, बायकोकडे बघू नका, उत्तर द्या!

मिरजेत नरहरपंत घैसास म्हणून एक गृहस्थ होते. मोठे सोवळ्याचे! विजेचं बिल आलं की त्यांची चिडचिड व्हायची. एक दिवस त्यांनी देवघरातली घंटा उचलली आणि मीटरसमोर पाट मांडून बसले! मीटरचा दिवा भराभर लुकलुकला, की घंटा — ठण् ठण्! घंटा वाजली की घरातल्यांनी हातातलं बटण बंद करायचं. त्यांच्या पत्नी उमाकाकूंची चटणी मिक्सरमध्ये अर्धी वाटलेली... ठण्! पंखा जरा फिरला... ठण्! आणि खरा देव? तो बिचारा बिनघंटेचा!

एकदा व्याही आले मुक्कामाला. पंतांनी न्हाणीघरातला बल्ब काढून ठेवला होता. व्याही अंधारात दाढीला बसले आणि बाहेर आले ते अर्ध्या मिशीनिशी! आता व्याह्यांची मिशी ही काय साधी गोष्ट आहे? उमाकाकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवी भरली.

"मी लेकीकडे निघाले. मी गेल्यावर बिल उतरलं, तर मीच वीज खात होते असं समजेन. मग परत बोलावू नका!"

गेल्या की हो! आणि पंत? खूश! पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिजसुद्धा बंद. मीटरसमोर बसले घंटा घेऊन. बघतात तर — दिवा लुकलुकतोच आहे! ठण् ठण्! पण बंद करायला घरात आहे कोण? पंतांनी मीटरला लिंबू-मिरची बांधली, अंगारा लावला. लुकलुक चालूच! उमा खात नव्हती, मग खातंय कोण? आणि तिला आता कुठल्या तोंडानं बोलवायचं?

रडकुंडीला आलेले पंत तोंड धुवायला न्हाणीघरात शिरले. भर दुपारी तिथं मिट्ट काळोख! फक्त वर एक तांबडा दिवा. सवयीनं हात जोडले. रोज जोडायचे! पहाटेच्या स्नानाला पाणी कढत हवं, म्हणून गिझर रात्रंदिवस चालू. देवाच्या कामाची वीज काय मोजायची, असा त्यांचा हिशेब! पाणी निवायचं, पुन्हा तापायचं. दिवसभर कुणासाठी? भिंतीवरच्या पालीसाठी!

जोडलेले हात तसेच राहिले, मंडळी. मग एक हात खाली आला. बटण — खट्! पंत धावत मीटरपाशी. दिवा शांत! पंत मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

तसेच घंटा घेऊन लेकीच्या दारात.

"उमा, वीज मीच खात होतो गं!"

काकू म्हणाल्या, "देवानं मागितलं होतं का कढत पाणी?"

"नाही."

"मग त्याच्या नावावर का मांडलंत?"

पंतांनी घंटा काकूंच्या हातात दिली. मागं व्याही उभे, उरलेली मिशी कुरवाळत!

काकू परत आल्या. बल्ब जागेवर आला, तोही कमी वीज खाणारा. गरम पाण्याच्या पाइपाला जुनं घोंगडं गुंडाळलं. गिझर आंघोळीपुरता लागायचा. पुढचं बिल निम्म्यावर आलं! आणि न्हाणीघराच्या दाराशी काकू घंटा घेऊन उभ्या. पंत रेंगाळले, की — ठण्!

हसताय? हसा! पण आपल्या प्रत्येकाच्या हातात अशी एक घंटा आहे. ती सून, मुलगा, शेजारी, सगळ्यांसाठी वाजते. आणि आपला तांबडा दिवा? त्याला आपण नमस्कार करतो! आता आरती होईल. घंटा हातात घ्याल, तेव्हा आधी मनातल्या मनात आपल्या न्हाणीघरात डोकावून या. मग वाजवा.

अहो पेटीवाले, उठलात कुठं? ...जा, जा! बंद करून या. देव थांबेल!