नावाखालची जागा

(नोव्हा स्कोशियातलं लुनेनबर्ग. ऑर्विल कॉर्कम यांचं जुन्या नाण्यांचं दुकान. समोर थेल्मा रफ्यूज आणि तिचा थोरला भाऊ वेंडेल.)

कॉर्कम : आरशासारखं चमकतंय, तीच तर अडचण आहे, थेल्माबाई.

थेल्मा : अडचण कसली? कोरं करकरीत आहे! माझ्या जन्माच्या वेळी बाबांनी घेतलेला चांदीचा डॉलर. डबीतून काढूसुद्धा द्यायचे नाहीत.

कॉर्कम : टांकसाळीची चमक वेगळी असते. नाणं तिरपं फिरवलं की तीही फिरते, चाकाच्या आऱ्यांसारखी. ही होडीची बाजू बघा. फिरतेय ना? आता ही राजाची.

थेल्मा : इथे हलतच नाही.

कॉर्कम : घासलंय. केसाएवढे ओरखडे आहेत.

थेल्मा : छे! मी तर फडकंही लावलेलं नाही.

वेंडेल : असेल घासलं कुणीतरी. किती येतील ते सांग, ऑर्विल, आम्ही निघतो.

कॉर्कम : त्यात नाव कोरलेलं. गिऱ्हाईक नाक मुरडणार.

थेल्मा : मुरडू दे. माझंच नाव आहे, ‘थेल्मा’.

कॉर्कम : गंमत म्हणजे नाव सांभाळून खालचंच घासलंय. थांबा, दिवा जरा खाली घेतो... इथे अजून काहीतरी कोरलेलं होतं.

वेंडेल : पुरे आता, ऑर्विल.

थेल्मा : तुला काय झालं मध्येच? वाचा हो तुम्ही.

कॉर्कम : तीन... नोव्हेंबर... अठ्ठेचाळीस.

थेल्मा : काहीतरीच! मी मे एक्कावन्नची.

कॉर्कम : हे भिंग घ्या. तुम्हीच बघा.

थेल्मा : अगंबाई... अठ्ठेचाळीसच आहे. वेंडेल? अरे, तू असा पांढराफटक का पडलास?

वेंडेल : आधी बस तू.

थेल्मा : नाही बसत. तारीख कुणाची आहे ही?

वेंडेल : थेल्माची. पहिल्या थेल्माची.

थेल्मा : पहिल्या म्हणजे?

वेंडेल : आपली बहीण. डांग्या खोकल्यानं गेली. नुकती चालायला लागली होती. मग तू झालीस. आईनं तेच नाव ठेवलं. बाबांनी तारीख घासून घेतली, नावाला मात्र आईनं हात लावू दिला नाही.

थेल्मा : देवा रे! जन्मभर मी तिचं नाव... आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस?

वेंडेल : आईनं बायबलवर हात ठेवायला लावला होता. ती गेली, तरी बाबा होते. आता बाबांनाही जाऊन महिनाच झालाय. आज सांगू, उद्या सांगू, करत होतो.

थेल्मा : आता बसते मी.

कॉर्कम : खुर्ची घ्या. मी... मी आत चहाचं बघतो.

थेल्मा : कशी होती रे ती?

वेंडेल : गुबगुबीत. एकदा बोट धरलं की सोडायची नाही.

थेल्मा : तू काय हाक मारायचास तिला?

वेंडेल : तुला मारतो तीच.